जहाजाच्या प्रतिकृतीसाठी लागणारी बारीक हत्यारे घरी कशी तयार करावीत : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून जहाजाच्या प्रतिकृतीचा पहिला संच नेणारे बहुतेक ग्राहक त्याच वेळी हत्यारांची यादीही मागतात. ती यादी आम्ही मुद्दाम छोटी ठेवली आहे. बदलता येणाऱ्या पात्यांचा चाकू, १५ सेंटिमीटरची पोलादी मोजपट्टी, बोटांनी फिरवायचा पिन वाइस व त्यात बसणारी १ मिलिमीटरपर्यंतची ड्रिल बिट्स, आणि टोके नीट जुळणारा एक चिमटा, एवढ्या वस्तू विकत घ्याव्यात. बाकीची हत्यारे काम ज्या क्रमाने मागेल त्या क्रमाने घरीच करावीत, असे आमचे मत आहे. हत्यारांचा मोठा संच विकण्यात आमचा फायदा आहे हे आम्ही नाकारत नाही. परंतु अशा संचातील बरीच हत्यारे डब्यातून बाहेर येत नाहीत आणि नेमक्या वेळी हवे असलेले माप त्यात नसते, अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो.

माप न मिळण्याचे कारण प्रमाणात आहे. खऱ्या जहाजावरची ३०० मिलिमीटर रुंदीची फळी १:६४ या प्रमाणात ४.७ मिलिमीटरची होते आणि ती फळी फासळ्यांवर ठोकणारा ३८ मिलिमीटर जाडीचा लाकडी खिळा जेमतेम ०.६ मिलिमीटरचा होतो. तोच खिळा १:४८ या प्रमाणात ०.८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे संच बदलला की खाच, भोक, कंगोरा या सगळ्यांची मापे बदलतात, आणि बाजारातील हत्यारे मात्र ठरावीक मापांतच येतात.

या कामात हाताशी असेल त्या वस्तूचे हत्यार करण्याची परंपरा जुनी आहे. नेपोलियनच्या काळातील युद्धांत इंग्लंडमध्ये कैदेत पडलेल्या फ्रेंच सैनिकांनी व खलाशांनी जेवणात येणाऱ्या मांसाची हाडे साफ करून त्यांपासून जहाजांच्या प्रतिकृती केल्या आणि छावणीच्या बाजारात विकल्या. पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस येथे १७९७ मध्ये सुरू झालेल्या छावणीतील कैद्यांच्या अशा कामाचा मोठा संग्रह पीटरबरोच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे पुण्यात रविवार पेठ आहे, बोहरी आळी आहे आणि बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजारही आहे. त्या मानाने आपली सोय पुष्कळच चांगली म्हणायची.

सुईची पटाशी

सर्वांत आधी करावे असे हत्यार म्हणजे १ मिलिमीटरहून अरुंद पटाशी. तोफांच्या झरोक्यांचे कोपरे साफ करणे, डोलकाठीच्या बुडाशी चौकोनी खाच घेणे, सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉल खरवडणे ही कामे चाकूच्या टोकाने केली तर लाकूड चिरते. यासाठी शिवणयंत्राची मोडकी किंवा बोथट सुई उत्तम असते आणि ती कोणत्याही शिंप्याकडे मागून मिळते. सुईच्या पाकिटावर ९०/१४ असा आकडा असतो. त्यातील ९० याचा अर्थ सुईच्या दांड्याची जाडी ०.९० मिलिमीटर आहे. ७५/११ ची सुई ०.७५ मिलिमीटरची आणि १००/१६ ची बरोबर १ मिलिमीटरची असते. घरगुती यंत्राच्या सुईचा वरचा जाड भाग सुमारे २ मिलिमीटरचा असल्यामुळे तो पिन वाइसमध्ये किंवा लाकडी मुठीत पक्का बसतो.

सुई जाड फडक्यात गुंडाळून नेढ्याच्या वरच्या बाजूला पक्कडीने मोडावी. फडके न घेतल्यास तुकडा उडून डोळ्यात जाण्याची भीती असते, म्हणून चश्माही लावावा. सुईच्या एका अंगाला दोऱ्यासाठी लांब खोबण असते. धारेचा उतार त्याच अंगाने घासावा, म्हणजे टोकापाशी ती खोबण उतारात निघून जाते आणि धार विरुद्ध अंगाच्या भरीव पोलादावर येते. ते विरुद्ध अंग धार लावायच्या दगडावर आधी थोडेसे सपाट करून घ्यावे आणि मग २५ ते ३० अंशांचा उतार द्यावा. हे सर्व हाताने, पाणी लावत, सावकाश करावे. यंत्राच्या चाकावर घाई केली तर टोक क्षणात तापते. पोलादावर फिकट पिवळी झाक आली तर बिघडत नाही, पण निळा रंग दिसला की तेथपर्यंतचे पाणी (म्हणजे पोलादाचा कठीणपणा) उतरले असे समजून तो भाग घासून काढून टाकावा.

मुठीसाठी रंगाच्या जुन्या ब्रशची दांडी घ्यावी. ब्रशचे केस काढून टाकले की पुढचे धातूचे कडे तसेच राहते आणि लाकूड फाटू देत नाही. दांडीत २ मिलिमीटरचे, साधारण १५ मिलिमीटर खोल भोक पाडून सुईचा जाड भाग एराल्डाइटने बसवावा आणि एक रात्र हात लावू नये.

पटाशी वाकडी हवी असेल, उदाहरणार्थ बांधून झालेल्या डेकखाली पोहोचण्यासाठी, तर मूठ बसवण्यापूर्वी सुई गॅसच्या ज्योतीत लाल करून वाकवावी आणि मग तिला पुन्हा पाणी द्यावे. पोलाद पुरेसे तापले की नाही हे ओळखण्यासाठी लोहचुंबक जवळ ठेवावा: लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंश सेल्सियसच्या सुमारास जाते, म्हणून सुई चुंबकाला चिकटेनाशी झाली की आणखी किंचित तापवून लगेच खाद्यतेलात बुडवावी. आता ती काचेसारखी ठिसूळ असते. तिचे अंग पॉलिश पेपरने चकचकीत करून जाड टोकाकडून हळूहळू तापवत जावे आणि पिवळा रंग धारेपर्यंत सरकत आला की पाण्यात टाकावी. इतक्या बारीक सुईत हा रंग पाहता पाहता पुढे पळतो. त्यामुळे पहिल्या एक-दोन सुया वाया जाणार हे धरूनच शिंप्याकडून जास्तीच्या सुया आणाव्यात.

दोन-तीन मिलिमीटर रुंदीची पटाशी हवी असल्यास मोडक्या बारीक कानशीपासून करता येते. कानस सुईपेक्षाही ठिसूळ असल्याने ती ओव्हनमध्ये सुमारे २२० अंशांवर तासभर ठेवून मग घासावी. जुन्या बाजारात अशा कानशी मिळतात. फक्त गंज खोल गेलेल्या घेऊ नयेत.

कंगोऱ्याची खरवडणी

जहाजाच्या बाजूवरून नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत जाणाऱ्या पट्ट्यांवर बारीक कंगोरे असतात, आणि संचात या पट्ट्या बहुधा सपाटच येतात. कंगोरा काढण्यासाठी दाढीच्या दुधारी पात्याचा अर्धा भाग पुरतो. पाते कागदासकट दुमडून मोडावे, लाकडाच्या दोन चिपांमध्ये घट्ट धरावे आणि कडेवर हिऱ्याच्या बारीक कानशीने हव्या त्या आकाराची खाच घ्यावी; साधी कानस या पोलादावरून घसरते. पाते ०.१ मिलिमीटर इतके पातळ असते, त्यामुळे रुंद पट्टीवर ते लवते. रुंद पट्टीसाठी हॅक्सॉच्या तुटक्या पात्याचा तुकडा घ्यावा.

खरवडणी ओढण्याच्या दिशेने थोडी कलती धरून हलक्या हाताने, अनेक फेऱ्यांत ओढावी. पट्टी आधीच अरुंद कापून घेतली तर ती खरवडणीखाली सापासारखी वळवळते आणि कंगोरा वाकडा जातो. म्हणून कंगोरा रुंद फळीच्या कडेवर काढावा आणि मग तेवढी कड चाकूने व मोजपट्टीने कापून वेगळी करावी. या एका बदलाने निम्मे काम सोपे होते.

येथे लाकडाविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मुंबईला १८१७ मध्ये सागवानात बांधलेले ट्रिंकोमली हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहायला मिळते, आणि म्हणून काही ग्राहक प्रतिकृतीसाठीही सागवानाचा आग्रह धरतात. खऱ्या जहाजाला साग शोभतो. प्रतिकृतीत मात्र त्याचे भरड पोत प्रमाणाबाहेर मोठे दिसते, आणि त्यातील वाळूसारखे सिलिकाचे कण सुईच्या पटाशीची धार लवकर घालवतात. कंगोऱ्यांसाठी अक्रोड किंवा हेदूसारखे घट्ट पोताचे लाकूड घ्यावे.

बांबूचे खिळे आणि ते ओढायची पट्टी

०.६ मिलिमीटरचा गोल खिळा कोणत्याही पटाशीने तासता येत नाही; तो भोकातून ओढूनच करावा लागतो. यासाठी २ मिलिमीटर जाडीची साधी लोखंडी पट्टी घ्यावी. इतक्या जाडीत ०.६ मिलिमीटरचे बिट थेट घातले तर ते हमखास मोडते. म्हणून प्रथम मागच्या बाजूने ३ मिलिमीटरच्या बिटाने खड्डा घ्यावा, पुढे सुमारे अर्धा मिलिमीटर धातू शिल्लक ठेवावा, आणि मग तेवढ्याच भागातून थेंबभर तेल लावून बारीक बिट पार करावे. अशा रीतीने १.५ पासून ०.६ मिलिमीटरपर्यंत, दर ०.१ मिलिमीटरला एक, अशी भोके एका ओळीत पाडावीत. शेवटी पट्टीची पुढची बाजू दगडावर सपाट घासावी, म्हणजे प्रत्येक भोकाची कड तीक्ष्ण होते.

सोनारांकडे तार ओढण्याची अशीच पट्टी असते. सोनार तार रुंद बाजूने घालतो, कारण त्याला धातू दाबून लांबवायचा असतो. आपल्याला बांबू तासायचा असल्यामुळे काडी अरुंद, तीक्ष्ण कडेच्या बाजूने घालावी आणि खड्ड्याच्या बाजूने बाहेर ओढावी. ही दिशा उलटी झाली तर काडी पिंजते, आणि ग्राहक पट्टीला दोष देतात.

काडीसाठी आकाशकंदिलाच्या उरलेल्या कामट्या चांगल्या. नसल्यास बुरूड आळीत मागाव्यात. गाठीपासून गाठीपर्यंतचा सरळ भागच घ्यावा, हिरवट साल व आतला भुसभुशीत भाग काढून टाकावा आणि तंतूंच्या दिशेने चाकूने चिरत दीड-दोन मिलिमीटरच्या काड्या कराव्यात. टोक निमुळते करून पक्कडीने एका दमात ओढावे. एकही भोक वगळू नये. मसाला न लावलेल्या उदबत्तीच्या गोल काड्या मिळाल्या तर सुरुवातीची चिराचिरी वाचते, परंतु त्यांतील बऱ्याच काड्यांचे तंतू तिरपे गेलेले असतात आणि त्या ०.८ च्या पुढे टिकत नाहीत. तयार काडीच्या टोकाला फेविकॉल लावून ती फळीतील भोकात खुपसावी, पृष्ठभागालगत कापावी आणि वाळल्यावर घासावी.

फळ्या वाकवणे

ओलावा आणि उष्णता मिळाली की लाकडातील लिग्निन मऊ होते, आणि थंड होताना त्या वेळच्या आकारात पुन्हा घट्ट होते. १ ते १.५ मिलिमीटरच्या फळीला गरम पाण्यात १५ ते २० मिनिटे पुरतात. वाकवण्यासाठी सोल्डरिंग आयर्नवर ॲल्युमिनियमच्या नळीचा तुकडा चढवावा. उघड्या टोकाचा ताप साधारण ३०० अंशांच्या वर असतो आणि त्याने लाकूड करपते. नळी शेगड्यात (व्हाइसमध्ये) आडवी धरून ओली फळी तिच्यावरून दाबत न्यावी. फळी तुटते ती बहुतेक वेळा बाहेरच्या अंगाने, तंतू ताणले गेल्यामुळे. म्हणून बाहेरच्या अंगाला जुन्या मोजायच्या टेपची पोलादी पट्टी लावून दोन्ही मिळून वाकवावे. वाकवलेली फळी पूर्ण वाळेपर्यंत चिकटवू नये. पुण्यात मे महिन्यात हे काही तासांत होते, आषाढात मात्र दोन दिवस थांबण्याची तयारी ठेवावी.

फळी धरून ठेवण्यासाठी काळ्या बाइंडर क्लिपा आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे पुरेसे आहेत. चिमट्याचे दोन्ही भाग सुटे करून उलटे जोडले की निमुळती टोके पुढे येतात आणि अडचणीच्या जागी पोहोचतात. रबरबँडऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची वलये कापून घ्यावीत. पंक्चर काढणाऱ्याकडे ट्यूब फुकट मिळते आणि तिचे रबर उन्हाळ्यात चटकन सुटत नाही.

घासणे, आखणे, दोरकाम

जहाजाचे अंग घासण्यासाठी पॉलिश पेपर बोटाने दाबू नये, कारण बोट खळग्यातही उतरते आणि खळगा तसाच राहतो. हॅक्सॉच्या पात्याचे दाते घासून काढून त्यावर १२० व नंतर २४० नंबरचा कागद रबर सोल्युशनने चिकटवला की लवचीक पण लांब अशी पट्टी मिळते, जी फक्त उंचवट्यांवरच घासते. पाण्याची रेघ (जहाज पाण्यात जेथपर्यंत बुडते ती रेघ) आखताना ग्रॅनाइटच्या सपाट तुकड्यावर जहाज पक्के बसवून, लाकडी ठोकळ्याला हव्या उंचीवर बांधलेली पेन्सिल त्याच तुकड्यावरून सरकवावी.

सुपरग्लूचा बारीक थेंब टाकण्यासाठी हातशिलाईच्या सुईचे नेढे वरून अर्धे कापावे. उरलेल्या दोन शिंगांमध्ये थेंब धरला जातो. डेडआयच्या (डोलकाठीचे दोर ताणण्यासाठीच्या भोकांच्या गोल लाकडी ठोकळ्याच्या) भोकांतून दोरा ओवताना दोऱ्याचे टोक सुपरग्लूने ताठ करून तिरपे कापावे, म्हणजे सुईची गरजच राहत नाही. डेकवर मोठ्या खिळ्यांच्या टोप्या दाखवायच्या असतील तर औषधाच्या दुकानातून नवी १८ गेजची इंजेक्शनची सुई आणून तिचे टोक सपाट घासावे. तिची बाहेरची जाडी १.२७ मिलिमीटर असते आणि ती लाकडावर दाबून फिरवली की स्वच्छ गोल उमटतो. वापरलेली सुई कोणत्याही कारणाने घेऊ नये.

जपणूक

जून ते सप्टेंबर या काळात उघडी धार काही दिवसांत गंजते, म्हणून प्रत्येक हत्यार शिलाई मशीनच्या तेलाने पुसून झाकणाच्या डब्यात ठेवावे. मोडलेल्या सुया व पाती वेगळ्या पत्र्याच्या डबीत जमा कराव्यात आणि डबी भरल्यावर झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर ठळक लिहून, सुक्या कचऱ्यापासून वेगळी द्यावी.

०.५ ते १ मिलिमीटरची ड्रिल बिट्स आमच्याकडे सुटीही मिळतात. माप निश्चित नसेल तर संचाचा नकाशा किंवा ज्या भोकात खिळा बसवायचा आहे त्या फळीचा तुकडा सोबत आणावा.