आधी लुळे पाय, मग ताठ पाय : कोल्हापुरातल्या तान्ह्या बाळांच्या फिजिओथेरपीची पार्श्वभूमी

सहा-सात महिन्यांचं बाळ घेऊन फिजिओथेरपीच्या खोलीत आलेली आई आजाराचं नाव क्वचितच घेते. "लंगोट बांधताना मांड्या फाकत न्हाईत," एवढंच सांगते. किंवा, "ह्या एका हाताची मूठ सोडत न्हाई." दोन पिढ्यांपूर्वीची आई आली असती ती चार-पाच वर्षांचं पोर कडेवर घेऊन, त्याचा एक पाय लुळा लोंबत असताना. पोराचं वय कमी झालं आणि लुळ्या पायाच्या जागी ताठ पाय आला. मधली गोष्ट या दोन बदलांची आहे.

सुरुवात अर्थातच तेलापासून. तेल लावणारी बाई पाटावर पाय लांब करून बसणार, नडग्यांवर बाळाला पालथं घालणार, मग उजवा हात आणि डावा पाय जुळवून अंग मोकळं करणार. कोल्हापूर पडलं तालमींचं गाव. 1912 साली शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान उभारलं, त्याच्याही आधीपासून मुरगळलेला पाय दाखवायचा तो वस्तादाला. त्यामुळे अंग आखडलं की रगडायचं, यावर इथे कुणी वाद घालत नाही. निरोगी बाळाला मालीश चांगलंच. पण मेंदूच्या इजेमुळे ताठ झालेला पाय झटक्यात ओढला, तर तो आणखी ताठतो. तिथे संथ, सलग ताणच लागतो. अर्थात, दारोदारची बाळं हाताखालून गेलेल्या या बाईला 'हे जरा कडक लागतंय' हे डॉक्टरांच्या आधी कळत असणार, असं मला वाटतं. तिला कुणी विचारत नाही, हा भाग वेगळा.

भारतात फिजिओथेरपीचं रीतसर शिक्षण आलं ते पोलिओमुळे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ आली आणि 1953 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा उघडली. 1955 मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था झाली. कोल्हापूरकरांना हे सगळं लांबच. गावात सीपीआर हे सरकारी रुग्णालय होतं, 1891 पासून मिरजेला रेल्वे होती, आणि मिरजेत डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये काढलेलं मिशन हॉस्पिटल.

1980 च्या आसपास देशात वर्षाला अंदाजे 2 लाख मुलांना पोलिओ होत असे. "ताप आला, सुई टोचली आणि पाय गेला," ही त्या काळातली कहाणी. तिच्यात तथ्यही आहे. विषाणू अंगात असताना स्नायूत इंजेक्शन दिलं, तर त्या अवयवाचा लकवा होण्याची शक्यता वाढते. या मुलांवरचे उपचार म्हणजे उरलेल्या स्नायूंचे व्यायाम, सांधे आखडू नयेत म्हणून पट्ट्या आणि पुढे कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा धातूचा आधार. मूल उपचारापर्यंत पोचायचं तेच शाळेच्या वयात. 1984 मध्ये नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' सुरू केली, तेव्हा वसतिगृह आणि शाळा हीच मोठी गरज होती. 'घरौंदा' आणि 'समर्थ विद्यामंदिर' त्यातूनच उभे राहिले. 1995 पासून देशभर पल्स पोलिओ आला. 13 जानेवारी 2011 ला हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त ठरला.

लुळे पाय गेले आणि ताठ पाय दिसू लागले. ते आधीही होतेच. लंडनचे डॉक्टर विल्यम जॉन लिटल यांनी अवघड बाळंतपण आणि हा ताठरपणा यांचा संबंध 1861 मध्येच मांडला होता. पण पूर्वी दगावणारी हजार-बाराशे ग्रॅमची बाळं आता काचेच्या पेटीतून जगून घरी येतात, आणि त्यातल्या काहींच्या मेंदूला इजा झालेली असते. त्यांचं काम कॅलिपरच्या वयापर्यंत थांबू शकत नाही. व्यायाम असा : बाळ पालथं, छातीखाली टॉवेलची गुंडाळी, समोर आई पालथी पडलेली, हातात वाटी-चमचा. आवाज झाला की बाळ मान उचलतं, दोन क्षण धरतं, टाकतं. पुन्हा आवाज. बाकी कडेवर घ्यायची आपली जुनी पद्धत मांड्या फाकवून ठेवते, ती थेरपिस्टही सांगतात. पांगुळगाडाही बरा, कारण तो ढकलायला बाळाला स्वतः उभं राहावं लागतं. बारशाला भेट येणारा बसका प्लॅस्टिकचा वॉकर मात्र नको. पोर त्यात चवड्यांवर लोंबकळतं. कॅनडाने तर 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

जन्मतः आत वळलेल्या पावलांचं खापर अजून ग्रहणावर फुटतं. उपचार पोन्सेटी पद्धतीचा : दर आठवड्याला नवं प्लास्टर, साधारण पाच-सहा वेळा, बहुतेकांना टाचेच्या शिरेवर छोटा छेद, मग आडव्या दांडीने एकमेकांना जोडलेले बूट. तीन महिने दिवसाचे 23 तास आणि पुढे चार वर्षांचं होईपर्यंत रात्री. बूट कंटाळून सोडले की पाऊल परत वळतं.

वय खाली आणणारं सरकारी पाऊल 2013 मधलं. त्या फेब्रुवारीत पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पथकं अंगणवाड्यांत जाऊन मुलं तपासू लागली, पुढच्या उपचारांना जिल्हा पातळीवर केंद्रं ठरली. 2018 पासून आशाताईंना तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरभेटी लावल्या. तिथे गाठ पडते आज्जीशी. "ह्येचा बा बी दीड वर्सानं चालला हुता." आज्जीचं अगदीच चूक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या अभ्यासात एकट्याने चालण्याची मुदत साधारण 8 ते 18 महिने निघाली. पण चालण्याची वाट बघण्यातच वर्ष जातं. चौथा महिना संपला तरी मान न धरणं, मुठी न उघडणं, वर्षाच्या आतच एकच हात वापरणं, या खुणा त्याच्या किती तरी आधी दिसतात.

चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर. आठवड्यातून दोनदा एवढी एसटी कुणाला जमते? म्हणून खरा व्यायाम आईलाच शिकवावा लागतो, दिवसातून चार वेळा, न्हाऊ घालताना, दूध पाजताना. ऊसतोडीला आलेल्या आईचं गणित आणखी वेगळं. गळीत हंगाम संपला की कोयता, भांडी आणि बाळ घेऊन ती परत आपल्या गावी, आणि पुढची तारीख लिहिलेला कागद इथल्याच दवाखान्याचा.