पार्किन्सन्सची गोळी दुधाबरोबर नको, ती का?

आपल्याकडे औषधाबद्दल एक सल्ला कुणीही देतं, "कडक गोळी आहे, उपाशीपोटी नको, कपभर दुधाबरोबर घ्या." बऱ्याच गोळ्यांचं त्यानं फारसं बिघडत नाही. पार्किन्सन्सवरच्या लेव्होडोपा या औषधाचं मात्र बिघडू शकतं, आणि मग घरचे म्हणतात गोळी आता लागू पडत नाही, डॉक्टरांकडे डोस वाढवून मागतात, आणि खरा घोळ कित्येकदा त्या दुधात नाहीतर दुपारच्या उसळीत असतो.

आजार थोडक्यात सांगतो. मध्यमेंदूत काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पट्टा आहे, त्या पेशी डोपामिन बनवतात आणि हालचाल सुरू करणं, ती ओघात ठेवणं हे त्याच्यावर चालतं. या पेशी हळूहळू मरतात, आणि साधारण निम्म्या किंवा जास्तच गेल्यावर लक्षणं नजरेत भरतात. हात थरथरला म्हणजे पार्किन्सन्स, हे समीकरण सोडून द्या. काहींना थरथर नसतेच, मंदपणा मात्र असतोच, म्हणजे शर्टाची बटणं लावायला वेळ लागणं, अक्षर बारीक होत जाणं, चालताना एक हात न हलणं. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं हे तर कधीकधी कित्येक वर्षं आधीपासून असतं.

आता माझा आवडता भाग. डोपामिन कमी पडलंय तर डोपामिनच का देत नाहीत? कारण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की डोपामिन त्यातून आत जातच नाही. लेव्होडोपा जातं, कारण ते अमिनो आम्ल आहे, आणि ठरावीक अमिनो आम्लांना आत घ्यायला त्या भिंतीत खास वाहक प्रथिनं बसवलेली आहेत. आत गेल्यावर एक एन्झाइम त्याचा कार्बोक्सिल गट नावाचा एक तुकडा काढून टाकतं की झालं डोपामिन तयार. पण तेच एन्झाइम आतड्यात आणि रक्तवाहिन्यांतही असतं, त्यामुळे नुसतं लेव्होडोपा घेतलं तर बहुतेक सगळं बाहेरच डोपामिन होऊन बसतं, मेंदूला उपयोग शून्य आणि वर मळमळ. म्हणून गोळीत कार्बिडोपा घालतात. ते बाहेरचं एन्झाइम अडवतं आणि स्वतः मेंदूत शिरत नाही, त्यामुळे आतलं काम चालू राहतं. या एका युक्तीनं लेव्होडोपाचा डोस सुमारे ७५ टक्क्यांनी कमी करता आला!

पण वाहक मोजके असतात. दूध, डाळ, अंडं, पनीर, मटण यातल्या प्रथिनांपासून ल्युसिन, फिनाइलअ‍ॅलनिन वगैरे अमिनो आम्लं सुटतात आणि त्यांनाही हेच वाहक लागतात, आधी आतड्यात आणि मग मेंदूच्या दाराशी. लग्नसराईतल्या एसटीसारखी गत, गाडी आहे, तिकीट आहे, पण आत शिरायला जागा नाही. शिवाय जड जेवणानं पोट उशिरा रिकामं होतं आणि लेव्होडोपा शोषलं जातं लहान आतड्यात, म्हणजे गोळी पोटातच ताटकळते. सुरुवातीच्या वर्षांत हे जाणवत नाही, कारण उरलेल्या पेशी डोपामिन साठवून पुरवून पुरवून वापरतात. पुढे साठवणारेच उरत नाहीत, आणि लेव्होडोपाची रक्तातली पातळी तर साधारण दीड तासात निम्म्यावर येते, मग प्रत्येक चढउतार थेट शरीरात दिसतो. एक तास माणूस चालतोय-बोलतोय, पुढच्या तासाला खुर्चीतून उठवत नाही, ज्याला रुग्ण ऑन-ऑफ म्हणतात. हे नाटक नसतं हो, घरच्यांनी कृपया लक्षात घ्यावं.

लेव्होडोपा पार्किन्सन्सवर चालतं या शोधात आपल्या सर्पगंधा या औषधी वनस्पतीचाही हात आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि ती जगभर पोचली. तिच्यातलं रेसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं तर ससे निपचित पडले, आणि लेव्होडोपा टोचल्यावर पुन्हा हिंडायला लागले. २००० साली त्यांना नोबेल मिळालं.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर येतं "खाजकुहिलीचं चूर्ण घ्या, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत". कुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरंच आहे, पण म्हणजे तेच औषध, फक्त मोजमाप नसलेलं आणि कार्बिडोपा नसलेलं. गोळीवर ते चूर्ण गुपचूप घेतलं तर डॉक्टरांना डोसचा हिशोबच लागणार नाही.

तर गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासानं, पाण्याबरोबर. मळमळलं तर दोन मारी बिस्किटं किंवा पोळीचा तुकडा चालतो. प्रथिनं बंद करू नका, वजन आणि स्नायू दोन्ही जातील, ऑन-ऑफ फारच असेल तर डॉक्टरांना विचारून डाळ-पनीर रात्रीच्या जेवणाकडे सरकवतात. लोहाची गोळी वेगळ्या वेळी, कारण लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं. गोळी मनानं अचानक बंद करणं धोक्याचं आहे. आणि उलटीसाठी कुणी पेरिनॉर्म, म्हणजे मेटोक्लोप्रमाइड लिहून देत असेल तर तिथल्या तिथे सांगा की पार्किन्सन्स आहे, ते मेंदूतलं डोपामिनचं कामच अडवतं, त्याऐवजी डॉक्टर हृदयाची माहिती घेऊन डॉम्पेरिडोन देऊ शकतात.