क्षारपड की चोपण? पांढरं दिसलं की लगेच जिप्सम आणू नका

रायबाग, अथणी, चिकोडी, आपल्या या कृष्णाकाठच्या पट्ट्यात रानात पांढरं दिसलं की जो तो एकच सांगतो, मीठ फुटलंय, जिप्सम टाक. आमच्या मामांनी तेच केलं, ट्रॉली भरून जिप्सम आणला, पसरला, पाणी सोडलं, आणि दोन हंगाम ऊस गुडघ्याच्या वर गेला नाही. नंतर तपासलं तर रान चोपण नव्हतंच, क्षारपड होतं, आणि खालचं पाणी वर आलेलं. कन्नड शेजारी याला सवळु-जवळु म्हणतात, आणि मला तो जोडशब्द आपल्यापेक्षा बरा वाटतो, त्यात मीठ पण आलं आणि पाणथळपण पण.

क्षारपड म्हणजे मातीतल्या ओलीत विरघळलेले क्षार जास्त झालेत. बारमाही ऊस, वारेमाप पाणी, काळी जड माती, निचऱ्याला वाट नाही, मग भूजल चढत येतं. ते साधारण दीड-दोन मीटरच्या आत आलं की माती कंदिलाच्या वातीसारखी पाणी वर ओढते, उन्हानं पाणी उडतं, मीठ तेवढं वर राहतं. पण माती भुसभुशीतच असते, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा थर मोडतो.

चोपणात भानगड वेगळी. तिथं सोडियम मातीच्या कणांनाच चिकटून बसतो, ओल लागली की कण सुटे होतात आणि सगळी छिद्रं बुजवून टाकतात. म्हणून पावसात राडा, वाळल्यावर दगड, कुळव नुसता वरनं घसरत जातो. वरचा थर कधीकधी पांढरा नसून काळपट दिसतो.

ओळखायचं कसं? पहिलं म्हणजे खड्डा काढा, छातीएवढा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघा. खालनं पाणी झिरपून साठलं असेल तर भूजल वर आलंय. उलट वर सरीत चार दिवस पाणी तुंबलंय आणि खड्ड्याचा तळ मात्र कोरडा, तर चोपणाचा संशय धरा. दुसरं, सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका, दोन-तीन तास हात लावू नका. ढेकळाभोवती ताकासारखं गढूळ वलय पसरलं तर चोपण, ढेकूळ विरघळून भुगा झालं पण पाणी नितळ राहिलं तर बहुतेक नाही. विहिरीचं पाणी घ्यायचं नाही हं, त्यातल्या क्षारांमुळं गढूळपणा दबतो आणि आपण फसतो.

लॅबचे आकडे असे: संपृक्त अर्काची (माती पाण्यानं पूर्ण भिजवून त्यातनं काढलेल्या पाण्याची) ईसी, म्हणजे क्षार किती ते सांगणारी विद्युतवाहकता, ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या आत, विनिमयक्षम म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम १५ टक्क्यांच्या आत, म्हणजे क्षारपड. ईसी ४ च्या आत पण सामू ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर, म्हणजे चोपण. गोची इथंच आहे, सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू आणि ईसी असते पण हा सोडियमचा टक्का नसतो, तो वेगळा मागून घ्यावा लागतो. शिवाय बऱ्याच लॅबमध्ये १ भाग माती २.५ भाग पाणी अशी ईसी काढतात, ती नेहमी कमीच येते, तिला ४ ची फूटपट्टी लावून खूश व्हायचं नाही.

क्षारपडाला औषध म्हणजे निचरा, चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप, आणि मग गोड्या पाण्यानं धुणं. चोपणाला आधी जिप्सम, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकतं, मग धुणं. (निचरा तिथंही लागतोच, हुसकलेला सोडियम जाणार कुठं?) आणि क्षार, सोडियम दोन्ही जास्त असलेलं रान असेल तर सगळ्यात जपून, कारण जिप्सम न टाकता नुसतं धुतलं तर क्षार निघून जातात, सोडियम राहतो, आणि काल पाणी पिणारं रान आज बंद होऊन बसतं.

बोअरचं पाणी पण तपासायला द्या, आरएससी (पाण्यातला शिल्लक सोडियम कार्बोनेट) २.५ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या वर असेल तर तेच पाणी रान चोपण करत असणार. मातीचे नमुने ०-३०, ३०-६०, ६०-९० सेंटिमीटर असे वेगवेगळे घ्या, खताच्या रिकाम्या पोत्यात भरू नका. आमच्या मामांनी पहिला नमुना युरियाच्या पिशवीतनंच नेला होता.