क्लिनिकल फोटोग्राफी, इमर्जन्सी मेडिसिनच्या शिक्षणातली

पेशंटच्या अंगावरची लक्षणं, जखमा, ईसीजीची पट्टी, टेस्टट्यूबमधलं न गोठलेलं रक्त असे फोटो दाखवून इंटर्न, रेसिडेंट आणि नर्सिंग स्टाफला तातडीचे उपचार शिकवायची पद्धत. कॅज्युअल्टीतला पेशंट जरा स्टेबल झाला की वॉर्डात नाहीतर आयसीयूत जातो, म्हणून ते लक्षण त्या वेळी ड्युटीवर असलेल्या दोघातिघांनाच दिसतं, बाकीच्या बॅचला फोटोच.

पहिला वैद्यकीय फोटो कुणाचा यावर एकमत नाही. डागेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो उतरवायचं सुरुवातीचं तंत्र, १८३९ साली जाहीर झालं आणि १८४० च्या सुमारास पॅरिसच्या आल्फ्रेद दोने यांनी सूक्ष्मदर्शकातून फोटो घेतले, पण त्यात पेशंट नाही. स्कॉटलंडच्या हिल आणि अ‍ॅडमसन यांचा गलगंड झालेल्या बाईचा फोटो साधारण १८४७ चा धरतात, फक्त तो आजार दाखवायला काढला की नेहमीचं पोर्ट्रेट म्हणून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बर्लिनचे हेरमान वोल्फ बेरेंड १८५२ पासून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेशंटचे फोटो काढायला लागले असं सांगतात, आणि शिकवण्याच्या अंगानं पाहिलं तर हाच दावा जास्त भक्कम वाटतो, कारण एकाच पेशंटमधला बदल जोडीनं दाखवणं हीच या पद्धतीची खरी ताकद. पुढं १८६८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलातून त्वचारोगांचा हातानं रंगवलेल्या फोटोंचा संग्रह निघाला.

मराठवाड्यात तेव्हाच्या औरंगाबादेत १९५६ ला सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, त्याचं हॉस्पिटल म्हणजे घाटी. नंतर अंबाजोगाई, नांदेड, लातूर. इमर्जन्सी मेडिसिनला देशात स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मात्र २००९ ची.

इथं या फोटोंचा सगळ्यात मोठा उपयोग सर्पदंशात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दाताची खूण बऱ्याचदा दिसतच नाही, सूजही नसते, पहाटे पोट दुखतं म्हणून पेशंट येतो आणि नवखा डॉक्टर अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन मोकळा होतो. पापण्या खाली यायला लागतात ते अशा वेळी ओळखायला हवं, म्हणून समोर बघतानाचा एक, वर बघायला लावून एक, आणि थोड्या थोड्या वेळानं पुन्हा तसेच, प्रत्येकावर वेळ टाकून. घोणस किंवा फुरसं असेल तर सुजेच्या कडेला पेनानं रेघ आणि वेळ लिहून फोटो, शिवाय काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवून मग ते गोठलं की नाही ते दिसावं म्हणून ट्यूब तिरकी करतानाचा व्हिडिओ. नातेवाईक मोबाइलवर सापाचा फोटो आणतात, त्यात बिनविषारी कवड्या साप मण्यार म्हणून खपून जातो. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडं ठळक आणि डोक्याकडं पुसट होत जातात, कवड्याचे उलट. तरी उपचार पेशंटच्या लक्षणांवरच ठरवायचा, सापाच्या फोटोवर नाही.

विषबाधेत, म्हणजे शेतातल्या फवारणीच्या औषधानं टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या फोटोत छान येतात. विंचवाच्या पेशंटचे गार पडलेले हातपाय नाही येत, ते हात लावूनच शिकायचं. रंगाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. परदेशी पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे, त्यावर लाली आणि निळेपणा उठून दिसतो, पण आपल्याकडच्या सावळ्या पेशंटमध्ये निळेपणा जिभेवर आणि ओठांच्या आत शोधावा लागतो. म्हणून इथल्या कॉलेजांनी आपल्याच पेशंटचे फोटो जमवले पाहिजेत. ट्यूबलाइटखाली पिवळट-हिरवट झाक येते, तेव्हा शक्यतो खिडकीचा उजेड, जखमेशेजारी त्याच पातळीत मोजपट्टी, एक लांबून आणि एक जवळून, कॅमेरा जखमेला काटकोनात. फिल्टर किंवा ब्युटी मोड चालू राहिला तर तो फोटो शिकवायला कामाचा नाही.

आधी उपचार, मग फोटो. संमती पेशंटच्या भाषेत समजावून लेखी घ्यायची, बेशुद्ध असेल तर नातेवाइकांची, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला परत विचारायचं. नाही म्हणाला तर फोटो डिलीट. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय छापायला मनाई आहे. डोळ्यांवर काळी पट्टी मारून भागत नाही, गोंदण, दागिने, केसपेपरवरचं नाव, यावरूनही गावात माणूस ओळखू येतो, आणि ड्युटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो कुठपर्यंत जाईल याचा नेम नसतो. एमएलसी म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येणाऱ्या केसचे फोटो रेकॉर्डसाठी वेगळे काढून वेगळेच ठेवतात, शिकवायच्या फोल्डरमध्ये ते मिसळत नाहीत.