सूर्यमाला

सूर्य आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेले आठ ग्रह, त्यांचे उपग्रह, बटुग्रह (सूर्याभोवती फिरणारे, पण ग्रहांत न मोडणारे छोटे गोल), लघुग्रह, धूमकेतू व असंख्य उल्काकण या सर्वांच्या समूहाला सूर्यमाला म्हणतात. सूर्यापासूनच्या अंतराच्या क्रमाने बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून असे हे ग्रह आहेत. सूर्यमालेच्या एकूण वस्तुमानापैकी सुमारे ९९.८ टक्के वस्तुमान एकट्या सूर्यात सामावलेले आहे. उरलेल्यातही मोठा वाटा गुरूचा असून इतर सातही ग्रह एकत्र केले तरी गुरूचे वस्तुमान त्यांच्या सुमारे अडीच पट भरते. केवळ वस्तुमानाचा हिशेब मांडला, तर सूर्य आणि गुरू वगळता बाकी सारे किरकोळ खात्यात जमा करावे लागेल, आणि त्या किरकोळीत पृथ्वीही येते.

सूर्यमालेची बहुतेक चित्रे ग्रहांचे आकार आणि त्यांमधील अंतरे एकाच प्रमाणात दाखवत नाहीत, कारण तसे केल्यास ती कागदावर मावणारच नाहीत. १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर असे प्रमाण धरले, तर सूर्याचा व्यास जवळजवळ १४ सेंटिमीटर येतो, पृथ्वी सव्वा मिलिमीटरची होते आणि तिला सूर्यापासून १५ मीटरवर ठेवावे लागते. चंद्र पृथ्वीपासून चार सेंटिमीटरपेक्षाही जवळ येतो. याच प्रमाणात १.४ सेंटिमीटर व्यासाचा गुरू ७८ मीटरवर, तर ५ मिलिमीटरचा नेपच्यून सुमारे ४५० मीटरवर असतो. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे ४,००० किलोमीटरवर जातो. अर्थात सूर्यमालेचा बहुतांश भाग मोकळा आहे. इतकी मोठी अंतरे किलोमीटरमध्ये सांगणे गैरसोयीचे असल्याने पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतर, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर, हे एक खगोलीय एकक मानतात. हे अंतर कापायला प्रकाशाला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात.

ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असून सूर्य त्या लंबवर्तुळाच्या एका नाभीवर असतो, हे योहानेस केप्लर यांनी १६०९ मध्ये मांडले. १६१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तिसऱ्या नियमानुसार ग्रहाच्या परिभ्रमणकाळाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. काळ वर्षांत आणि अंतर खगोलीय एककांत मोजले की हे दोन्ही आकडे चक्क सारखेच येतात. गुरूचे अंतर ५.२ एकके आहे; ५.२ चा घन सुमारे १४०.६ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ११.९, आणि गुरूला एका परिभ्रमणास लागतातही जवळजवळ तितकीच वर्षे. हाच हिशेब मंगळाच्या १.५२४ एककांवरून केला तर १.८८ वर्षे, म्हणजे सुमारे ६८७ दिवस मिळतात. असे का घडते, याचे उत्तर मात्र १६८७ मध्ये आयझॅक न्यूटन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडल्यावर मिळाले: अंतर वाढले की सूर्याची ओढ कमी होते, म्हणून दूरच्या ग्रहाला मोठी कक्षा कमी वेगाने पार करावी लागते. बुधाचे परिभ्रमण ८८ दिवसांत, तर नेपच्यूनचे सुमारे १६५ वर्षांत पूर्ण होते.

आतले चार ग्रह लहान व खडकाळ आणि बाहेरचे चार प्रचंड व मुख्यतः वायू आणि गोठणशील द्रव्यांचे, ही विभागणी योगायोगाने झालेली नाही. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू व धूळ यांचा एक मेघ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावू लागला. तो आकसत असताना त्याचा फिरण्याचा वेग वाढला, मध्यभागी सूर्य घडला आणि त्याभोवती उरलेल्या द्रव्याची चपटी तबकडी तयार झाली. सर्व ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने आणि जवळजवळ एकाच प्रतलात फिरतात, तो या तबकडीचा वारसा होय. तबकडीच्या आतल्या, तप्त भागात केवळ धातू आणि खडकातील खनिजेच घनरूपात टिकू शकत होती, आणि अशी द्रव्ये मुळात थोडी असल्याने तेथील ग्रहही लहानच राहिले. सूर्यापासून सुमारे तीन एककांच्या पुढे मात्र पाण्याचे बर्फ टिकू शकत होते. या सीमेला हिमरेषा म्हणतात. बर्फाची भर पडल्याने तिच्या पलीकडचे गाभे पृथ्वीच्या सुमारे दहा पट वस्तुमानापर्यंत वाढले आणि मग त्यांनी भोवतालचा हायड्रोजन व हीलियम ओढून घेतला. युरेनस आणि नेपच्यून यांच्या वाट्याला हा वायू कमी आला, म्हणून ते गुरू व शनी यांच्या मानाने लहान राहिले. शनीची सरासरी घनता पाण्यापेक्षाही कमी आहे, हे याच वायुमय रचनेमुळे.

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लघुग्रहांचा पट्टा आहे. एखादा ग्रह फुटून हे तुकडे झाले, हा समज जुना आहे. तथापि पट्ट्यातील सर्व द्रव्य एकत्र केले तरी ते चंद्राच्या वस्तुमानाच्या चार टक्केही भरत नाही. गुरूच्या प्रभावामुळे तेथे ग्रह घडूच शकला नाही, असे आता मानले जाते. पट्ट्यातील सर्वांत मोठा गोल सेरेस हा १८०१ मध्ये सापडला आणि आता त्याची गणना बटुग्रहांत होते.

ग्रहाचे तापमान केवळ सूर्यापासूनच्या अंतरावर ठरत नाही. बुध सूर्याला सर्वांत जवळचा असूनही सर्वांत तप्त ग्रह शुक्र आहे. कार्बन डायऑक्साइडच्या दाट वातावरणामुळे उष्णता अडकून राहते आणि शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सियस असते. वातावरण जवळजवळ नसलेल्या बुधावर दिवसा ४३० अंशांपर्यंत चढलेला पारा रात्री शून्याखाली १८० अंशांपर्यंत उतरतो. पृथ्वीवरील ऋतूंनाही अंतर कारण नाही. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याला सर्वांत जवळ, १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे.

शनीपर्यंतचे ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतात व प्राचीन काळापासून माहीत आहेत. शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत असल्याने तो आकाशात सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा फार दूर जात नाही. म्हणून तो पहाटे पूर्वेला किंवा सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसतो, ऐन मध्यरात्री नाही. युरेनस १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांना दुर्बिणीतून सापडला. त्याच्या गतीतील तफावतीवरून आणखी एका ग्रहाचे स्थान गणिताने काढण्यात आले आणि १८४६ मध्ये योहान गाले यांना बर्लिन येथून नेपच्यून त्या जागेपासून १ अंशाच्याही आत दिसला. १९३० मध्ये सापडलेला प्लूटो ७६ वर्षे नववा ग्रह मानला जात होता. स्वतःच्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणे ही ग्रह ठरण्याची अट तो पूर्ण करत नसल्याने २००६ मध्ये प्राग येथील आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिवेशनात त्याला बटुग्रह ठरवण्यात आले.

सूर्यमाला नेमकी कोठे संपते, हे आपण काय मोजतो यावर अवलंबून आहे. सूर्याकडून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांचा प्रवाह जेथे थांबतो, ती सीमा मानल्यास व्हॉयेजर १ हे यान ती २०१२ मध्ये, सुमारे १२२ एककांवर ओलांडून गेले आहे. सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाचा पल्ला विचारात घेतला, तर दीर्घकालीन धूमकेतू जेथून येतात असे मानले जाते तो ऊर्ट मेघ, म्हणजे सूर्याभोवतीचा बर्फाळ गोळ्यांचा दूरवरचा थवा, हाही सूर्यमालेतच मोजावा लागतो. आणि त्याच्या आतल्या कडेपर्यंत पोहोचायला या यानाला आणखी सुमारे ३०० वर्षे लागतील.