पोटाचा हिशेब आणि ब्रिटनचे कायदे

गरीब माणूस आळशी, व्यसनी किंवा उधळ्या असतो म्हणून गरीब राहतो, असा पक्का समज एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये होता. तो खोडायला रसायनशास्त्र शिकलेला एक माणूस उपयोगी पडला.

चॉकलेट कारखानदारांच्या घरातले सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये यॉर्क शहरातल्या कामगार कुटुंबांची घरोघर पाहणी करवली. शरीर धड चालायला किती अन्न लागतं, हे त्यांनी अमेरिकन शास्त्रज्ञ ॲटवॉटर यांच्या प्रयोगांवरून ठरवलं. कष्टकरी पुरुषाला दिवसाला ३५०० उष्मांक (कॅलरी). अन्नाच्या खर्चात भाडं, कपडे, कोळसा मिळवला. नवरा, बायको, तीन मुलं : आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स (तेव्हा १२ पेन्सचा एक शिलिंग). ही झाली त्यांची दारिद्र्यरेषा. या हिशेबात ताजं मटण नाही, वर्तमानपत्र नाही, बसचं भाडं नाही, परगावच्या मुलाला पत्र टाकायला तिकीटही नाही. एवढा हात आखडूनही शहरातली जवळपास १० टक्के माणसं या रेषेखाली निघाली. त्यांच्यातली निम्म्याहून अधिक माणसं अशा घरांतली होती, जिथे कमावता माणूस रोज कामावर जात होता. त्याची मजुरीच पुरत नव्हती. मला हा निष्कर्ष सगळ्यात मोलाचा वाटतो. (पुण्याच्या दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये भारतातली गरिबी मोजली, तीही उष्मांकांच्याच आधारे.)

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी ब्रिटिश सैन्यात भरतीला आलेले असंख्य तरुण शरीराने नापास होत होते. सरकार हादरलं. १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याची मुभा नगरपालिकांना मिळाली. ब्रॅडफर्डने १९०७ मध्ये जेवू घातलेल्या मुलांची वजनं नोंदवली : शाळा चालू असताना वाढली, सुट्टीत घटली, शाळा उघडताच पुन्हा वाढली. इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

मग १९०८ चा पेन्शन कायदा आला. सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग मिळू लागले, पण कामाची टाळाटाळ करण्याची सवय असलेल्यांना वगळून. जुना संशय गेला नव्हता. १९११ च्या कायद्याने कामगारांचा आरोग्य विमा आला; त्यात दर आठवड्याला कामगाराचे ४ पेन्स, मालकाचे ३, सरकारचे २. आजारपणात पुरुषाला आठवड्याला १० शिलिंग आणि डॉक्टर मिळाला. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या त्याच्या बायकोला बाळंतपणाचे ३० शिलिंग मिळाले. डॉक्टर मिळाला नाही.