दोन काटे, एकच खोटं

टाकीत जेमतेम दोन गॅलन पेट्रोल, आणि काटा दाखवतोय त्याहून कितीतरी जास्त. शेजारचा तापमानाचा काटा पार टोकाला जाऊन टेकलाय, पण बॉनेट उघडून रेडिएटरला हात लावावा तर तो कोमट. गाडी १९७२ची ट्रायम्फ स्पिटफायर. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यात बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची. आपल्याकडे मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ज्या हेराल्डवरून आली, तिचीच चासी आखूड करून ही गाडी बनवली होती. म्हणजे नात्याने हेराल्डची बहीणच, जरा नखरेल.

अशा वेळी बरेच जण आधी थर्मोस्टॅट बदलतात, मग पाण्याचा पंप, मग रेडिएटर साफ करून घेतात. खिसा रिकामा होतो, काटा तिथेच. खरं तर दोष कुठे आहे ते त्या दोन काट्यांनी मिळून आधीच सांगितलेलं असतं. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, तापमानाचा सेंडर (मीटरला खबर देणारा भाग) पुढे इंजिनात. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या या दोन गोष्टी एकाच दिवशी, एकाच दिशेने खोटं बोलायला लागल्या, तर दोघींच्या मधलं काहीतरी बिघडलंय. ते ‘मधलं’ काय, हे कळायला काटा कशाने हलतो ते बघायला हवं.

गाडीला किल्ली लावा आणि नुसते बघत बसा. काटा टुणकन उडी मारत नाही. दूध तापताना जसं सावकाश वर येतं तसा तो वीस-तीस सेकंद घेत चढतो. या सुस्तीचं कारण असं की मीटरच्या आत एक छोटी शेगडी आहे. दोन वेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी आणि तिच्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. तारेतून वीज गेली की पट्टी तापते. दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून ती वाकते आणि काट्याला ढकलते. टाकीतला सेंडर फक्त या विजेच्या वाटेतला अडथळा कमीजास्त करतो, अडथळा कमी तर वीज जास्त आणि काटा वर: टाकी भरलेली असताना साधारण वीस ओहम, रिकामी असताना दोनशेच्या वर. इंजिनातला सेंडर तापला की त्याचाही अडथळा घटतो. म्हणजे इंजिनातली ऊब डॅशबोर्डवर पुन्हा ऊब होऊनच पोचते! सुस्तीचा फायदाही आहे. वळणावर टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचत नाही.

पण शेगडी म्हटली की व्होल्टेजचा प्रश्न आला. इंजिन बंद असताना बॅटरी बारा व्होल्टच्या आसपास, चार्जिंग सुरू झालं की चौदा. पेट्रोल तेवढंच असून काटा वर सरकेल. म्हणून दोन्ही मीटरच्या आधी बोटाच्या पेराएवढी एक डबी बसवलेली असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. हिच्यातही तीच करामत: धातूची जोडपट्टी, तिच्याभोवती तार आणि एक कॉन्टॅक्ट. पट्टी तापली की वाकून कॉन्टॅक्ट तुटतो, निवली की पुन्हा जुळतो. इस्त्रीचा दिवा मधूनमधून विझतो-पेटतो, तसंच. बाहेर पडणारी वीज कधी पूर्ण, कधी शून्य, पण मीटरच्या शेगडीला मिळणारी उष्णता सतत दहा व्होल्ट दिल्यासारखी. उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे बारा व्होल्टवर कॉन्टॅक्ट सुमारे ६९ टक्के वेळ जुळलेला राहतो, चौदावर सुमारे ५१ टक्के. डिजिटल मल्टिमीटर लावलात तर आकडे वेड्यासारखे शून्य-बारा-शून्य उड्या मारतील. ते बघून चांगली डबी फेकून देणारे कमी नाहीत.

आता आपल्या गाडीकडे. डबीच्या आतली तार तापायची तर तिला अर्थिंग हवं, म्हणजे वीज परत जायला गाडीच्या बॉडीशी जोड हवी, आणि ते मिळतं डबीच्या पत्र्यातून, तिला धरून ठेवणाऱ्या स्क्रूमार्फत. स्क्रू गंजला, किंवा कुणी हौसेने नवा रंग मारून डबी त्या रंगावरच परत कसली, की अर्थिंग गेलं. तार तापत नाही, कॉन्टॅक्ट तुटत नाही, आणि दोन्ही मीटरना चौदा व्होल्ट सलग मिळतात. उष्णता जवळजवळ दुप्पट! उलट कॉन्टॅक्ट जळून कायमचा उघडा राहिला, तर दोन्ही काटे तळाशी झोपतात. त्यासाठी फ्यूजही बघावा, कारण तो उडाला तरी हेच दिसतं.

एकच काटा चुकत असेल तर डबी निर्दोष. मग सेंडर, वायर किंवा मीटर. सेंडरची वायर काढली की काटा खाली यायलाच हवा. तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवली की वर जायला हवा. इथे ‘क्षणभर’ महत्त्वाचं, नाहीतर मीटरमधली तार जळायची. शिवाय पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी पाडणारे प्रयोग मी तरी करणार नाही, तिथे सेंडरचा अडथळा मल्टिमीटरने मोजलेला बरा, तोही वायर सोडवून. काटा कायम रिकाम्यावर असेल तर सेंडर काढून त्याचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग, कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक पडलंय, आणि तो तरंगायचा सोडून बुडालेला आहे.

हल्ली डबीच्या जागी ७८१० नावाची तीन पायांची चिप बसवतात. ती सरळ दहा व्होल्ट देते, कॉन्टॅक्ट वगैरे काही नाही. फक्त तिच्यात येणारी वीज दहापेक्षा दोनेक व्होल्ट जास्त असावी लागते, म्हणून सिग्नलला हेडलाइट लावून उभं असताना व्होल्टेज उतरलं की काटा किंचित खाली आलेला दिसू शकतो. मी मात्र आधी जुनी डबी काढीन, तिच्याखालचा रंग पॉलिश पेपरने पत्रा दिसेपर्यंत घासीन, स्क्रू कसून परत किल्ली लावीन आणि अर्धा मिनिट थांबीन.